ग्रीक येणारी टायपिस्ट

माझ्या सर्व्हिस बुकात, विशेष योग्यतेच्या रकान्यात, निळ्या शाईने लिहिलंय की या कर्मचाऱ्याला ग्रीक भाषा येते. निवृत्त होईपर्यंत दर दोन-चार वर्षांनी एखादा नवा बाबू ते पान उघडायचा, मग माझ्याकडे बघायचा, मग पुन्हा पानाकडे. "मॅडम, सच में?" मी म्हणायची, "हां, आती है." पुढे विचारायची कोणाची छाती होत नसे.

मला ग्रीक येत नाही. एक अक्षर येतं. बाकीची तेवीस कामापुरती पाठ केली होती, ती काम झाल्यावर विसरले. हे कसं झालं ते आता सांगायला हरकत नाही, कारण पेन्शन सुरू झालंय.

नवं राज्य झालं आणि रायपूर एका सकाळी राजधानी झालं. राजधानी आली, पण खुर्च्या यायला बराच वेळ लागला. मी आधीपासून सरकारात टायपिस्ट होते. मला उचलून हवा तपासणाऱ्या एका नव्या कार्यालयात टाकलं. कार्यालय म्हणजे भाड्याचा बंगला. साहेब बेडरूममध्ये बसत. मला जागा मिळाली स्वयंपाकघरात. ओट्यावर टाइपरायटर, सिलिंडरच्या खणात कार्बन पेपर, आणि वर माळ्यावर मालकिणीच्या लोणच्याच्या बरण्या, ज्या तिने हलवायला साफ नकार दिला होता. पावसाळी हवेत माझ्या रिपोर्टांना कैरीचा वास यायचा.

तराजू देवघरात होता. हा तराजू इतका नाजूक की कोणी शेजारून चालत गेलं तरी त्याचा काटा हले. बंगल्यात वारा न लागणारी खोली एकच होती, ती देवघर. देव मालकिणीने नेले होते, पण कोनाडा आणि शेंदराचे डाग तसेच होते. आमचा म्हातारा चपराशी आत जाताना चपला काढायचा आणि तराजूची काच उघडायच्या आधी नकळत हात जोडायचा. साहेब शास्त्रज्ञ होते, त्यांना ते खटकायचं. पण चपलांची धूळ आत येत नाही हे लक्षात आल्यावर तेही चपला काढू लागले.

काम असं होतं. सिलतऱ्याला, जिथे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत, तिथे एका गच्चीवर हवा ओढणारं यंत्र ठेवायचं. त्यात पांढराशुभ्र कागद घालायचा. दुसऱ्या दिवशी तो काळा होऊन यायचा. आधीचं वजन, नंतरचं वजन, मधला फरक म्हणजे धूळ. ती ग्रॅममध्ये मोजण्याइतकी नसते, मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. ग्रॅमचा दहा लाखावा भाग. तो लिहायचा तर g च्या आधी μ लिहायचा. म्यू. ग्रीक अक्षर.

आणि माझ्या टाइपरायटरवर म्यू नव्हता. कोणाच्याच नव्हता. म्हणून टायपिस्ट लोक पूर्वापार करत आले तेच मी करायची. आकडा टाइप करायचा, एक घर रिकामं सोडायचं, g मारायचा, आणि पान निघालं की त्या रिकाम्या घरात शाईने म्यू काढायचा. साहेबांचा म्यू इंग्रजी u सारखा यायचा, कंटाळलेला. माझा चांगला यायचा. माझे वडील रेल्वेत मालगाडीच्या डब्यांवर आकडे रंगवायचे. लहानपणी पाटी हातात देऊन सांगायचे, "अक्षराले पाय पाहिजे, पोट्टी, नाही तं ते पडते." म्यूला डाव्या बाजूला खाली जाणारा लांब पाय असतो. तो मी असा काढायची की वाऱ्यातही पडला नसता. एवढ्या एका गोष्टीचा मला गर्व होता आणि अजून आहे.

मग आमच्याकडे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, आले. रायपूरच्या पुरानी बस्तीतले, पन्नाशी ओलांडलेले, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे. मान खाली, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि तोंडात एकच शब्द, नियम. रोज दुपारी दीड वाजता ते सायकलवर टांग टाकून घरी जायचे आणि पावणेतीनला परत यायचे. आम्हाला एवढे नियम सांगतात आणि स्वतः सव्वा तास गायब, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना खूप बोलून घेतलं होतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा रिपोर्ट परत आणून ओट्यावर ठेवला. म्हणाले, "मॅडम, टाइप किए कागज में हाथ से कुछ जोड़ा है, तो बाजू में अधिकारी की छोटी सही लगेगी. नियम है."

मी म्हटलं, "एका पानावर सव्वीस म्यू आहेत, बाबूजी."

"हव. तो छब्बीस सही."

मी कपाळावर हात मारला. त्यांनी शांतपणे कारण दिलं. "खाली जगह छोड़ोगे तो कोई भी कुछ भी भर देगा," म्हणून. उद्या कोणी म्यूच्या जागी दुसरं काही भरलं, तर जबाबदार कोण? साहेबांनी सुचवलं की शब्दांत मायक्रोग्रॅम टाइप करू या. बाबूजी म्हणाले, वरून आलेल्या प्रपत्रात चिन्ह आहे, तर चिन्हच येणार. साहेबांनी पंडरी बाजारातल्या एका दुकानातून म्यूचा रबरी शिक्का करून आणला. बाबूजींनी तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले की शिक्काही हातानेच मारतात, त्यालाही सही लागेल.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या सोमवारी साहेब बेडरूमचं दार लावून सह्या करत बसत. त्यांची छोटी सही माझ्या म्यूपेक्षा चौपट मोठी होती. पान लांबून बघितलं तर आकडे दिसतच नसत, नुसत्या सह्या दिसत. संध्याकाळी साहेब मनगटाला गरम पाण्याची पिशवी बांधून बाहेर येत. वरच्या कार्यालयातून एकदा विचारणा आली की रिपोर्टवर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या दिसतात, त्यांपैकी छोटी, लांब शेपटीची सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि पद कळवावं. साहेबांनी ते पत्र फाइलला लावलं नाही, खिशात घालून घरी नेलं.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग यादी आली.

एका राज्याची दोन राज्यं झाली म्हणजे माणसांचीही वाटणी होते. कोण इकडे राहणार, कोण भोपाळला जाणार. आमच्या कार्यालयातल्या बाबू-टायपिस्ट लोकांतून एकाला जायचं होतं, आणि ते नाव माझं होतं. कोण कधी नोकरीला लागलं यावर ठरलं होतं, त्यात कोणाचा द्वेष नव्हता. पण माझा नवरा सिलतऱ्याला एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन, मुलगी पाचवीत. नवऱ्याला कारखाना सोडता येत नव्हता. मी भोपाळला जायचं म्हणजे घराचे दोन तुकडे. मुलगी कोणाकडे राहणार यावर आम्ही दोघं चार दिवस बोललो आणि पाचव्या दिवशी बोलणंच बंद केलं. मी ओट्याशी बसून टाइप करायची आणि डोळे पुसायची. चपराश्याला सांगायची, लोणच्याचा वास झोंबतो.

बाबूजी एकदा पाणी प्यायला आले आणि मला तसं बघून गेले. दुसऱ्या दिवशी नियमांचं जाड पुस्तक घेऊन साहेबांच्या खोलीत शिरले. ज्या कर्मचाऱ्याकडे अशी विशेष योग्यता आहे, जी कार्यालयात दुसऱ्या कोणाकडे नाही, त्याचं नाव यादीतून वगळता येतं, असं कलम त्यांनी शोधलं होतं.

साहेब म्हणाले, "इनके पास कौन सी योग्यता है?"

बाबूजी म्हणाले, "ग्रीक."

साहेबांनी पंख्याकडे बघितलं म्हणे. मग म्हणाले, लिखिए.

बाबूजींनी नोट लिहिली. कार्यालयाचा प्रत्येक रिपोर्ट ग्रीकवर अवलंबून आहे, आणि कार्यालयात ग्रीक लिहू शकणारी कर्मचारी एकच आहे. यातला शब्दन् शब्द खरा होता. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

मी त्यांना विचारलं, "पण माझं नाव काढलं तर यादीत कोण जाईल?"

"वो आपका काम नहीं है," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

घरी सांगितलं तर नवरा हसला नाही. तो म्हणाला, "काहून घाबरून राहिली वं? खोटं थोडीच आहे. एक तं येते ना तुले."

"एका अक्षराने भाषा येते काय?"

"मले ओमेगा येते," तो म्हणाला. "मीटरवर ओहमच्या जागी रोज पायतो. कोनं मले ग्रीक म्हनलं नाही, हे माह्यं नशीब."

मुलगी जेवता जेवता म्हणाली, "मम्मी, आप फॉरेन जाओगे?" मी तिला मराठीत म्हटलं की कुठ्ठे जात नाही, इथेच राहावं म्हणून हे सगळं चाललंय. तिने हिंदीतच "ओके" म्हटलं आणि पोळी मागितली.

वरच्या कार्यालयाने उलट विचारलं, ग्रीकच्या ज्ञानाचा पुरावा द्या. साऱ्या नव्या राज्यात ग्रीकचं प्रमाणपत्र देणारं कोणी नव्हतं. तेव्हा ठरलं की एक समिती बसेल आणि तोंडी परीक्षा घेईल. समितीत वरून एक अधिकारी, आमचे बाबूजी कागदपत्रांसाठी, आणि तज्ज्ञ म्हणून साहेबांच्या ओळखीचे एक निवृत्त भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. माझी पाचावर धारण बसली.

प्राध्यापक भले माणूस. त्यांनी मला आधीच घरी बोलावून चोवीस अक्षरं लिहून दिली, आणि प्रत्येकापुढे ते अक्षर विज्ञानात काय काम करतं तेही. लॅम्डा म्हणजे तरंगलांबी. ऱ्हो म्हणजे घनता. डेल्टा म्हणजे बदल. बहुतेक अक्षरांपुढे एक-दोन ओळी होत्या. म्यूपुढे सगळ्यात लांब यादी. मोजमापात दहा लाखावा भाग. दोन वस्तू एकमेकींवर घासतात तिथे घर्षण किती, ते म्यू. संख्याशास्त्रात सरासरी, तीही म्यू. चुंबकाच्या हिशेबात म्यू. आणि एका अणूहून लहान कणाचं नावसुद्धा यावरूनच. मी ते वाचून थक्क झाले. एका अक्षराकडे पाच खात्यांचा अतिरिक्त प्रभार, आणि त्याला भोपाळला जा म्हणणारं कोणी नाही.

महिनाभर आमच्या घरात ग्रीक चाललं. अक्षरं मी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवली. मुलगी पाढ्यांच्या चालीवर म्हणायची, अल्फा बीटा गॅमा डेल्टा. नवरा दाढी करताना एप्सायलॉनवर अडकायचा. शेजारची वहिनी दोन दिवस भिंतीपलीकडून ऐकत होती, तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली की असा मंत्र आम्हालाही द्या, घरात शांती नाही. परीक्षेसाठी नवऱ्याने पंडरीहून नवी साडी आणली. मी म्हटलं, ग्रीकसाठी साडी कशाला? तो म्हणाला, "मंग काय गाऊनवर जाशीन?"

परीक्षा बंगल्याच्या दिवाणखान्यात झाली. समोसे आले, चहा आला. मी आदल्या रात्री ठरवलं होतं की खरं सांगून टाकायचं. साहेब, मला ग्रीक येत नाही, मला एक अक्षर सुरेख काढता येतं, तेवढ्यावर काय करायचं ते करा. वरून आलेले अधिकारी खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "हां मॅडम, ग्रीक में कुछ सुनाइए."

मी तोंड उघडलं. तोंडातून अल्फा बाहेर पडला.

आणि एकदा अल्फा पडल्यावर थांबता येईना. अल्फा, बीटा, गॅमा, मुलीच्या पाढ्याच्या चालीवर, मधे श्वास घेत, शेवटी ओमेगाला सूर थोडा खाली आणून. प्राध्यापकांनी रुमालात तोंड घातलं आणि खोकायला लागले. साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. अधिकाऱ्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "मीठी भाषा है. संस्कृत से मिलती है थोड़ी."

बाबूजी मान खाली घालून लिहीत होते. त्यांनी काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

मग प्राध्यापकांनी रुमाल काढला आणि खरा प्रश्न विचारला. म्यू म्हणजे काय? याचं उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं, पण ते मला येत होतं. मी म्हटलं, दहा लाखातला एक भाग. इतका लहान की नसल्यासारखा. पण माझा नवरा सिलतऱ्याला काम करतो. रोज आंघोळ करून झोपतो, तरी सकाळी त्याच्या उशीवर डोक्याची काळी खूण असते. ती खूण म्हणजे म्यू. तो लिहायचा राहिला तर आमचा आकडा खोटा पडतो, आणि मग ती खूण कशाची, हे कोणीच सांगू शकत नाही.

कोणी समोसा खाल्ला नाही. अधिकाऱ्यांनी कागदावर शेरा लिहिला, ग्रीकमध्ये प्रवीण.

आठवड्याने सुधारित यादी लागली. यादी बंगल्याच्या न्हाणीघराबाहेर लावायचे, कारण तिथे सगळे जातातच. मी धावत गेले. माझ्या टाइप केलेल्या नावावर पट्टीने मारलेली सरळ रेघ होती. माझा जीव भांड्यात पडला. मी भिंतीला टेकून हसलेसुद्धा.

मग रेघेच्या वर बघितलं. तिथे हाताने, निळ्या शाईत दुसरं नाव लिहिलं होतं. नाव बाबूजींचं होतं. अक्षरही बाबूजींचंच. आणि शेजारी, हाताने काही जोडलं तर लागतेच ती, साहेबांची छोटी सही.

मी तशीच त्यांच्या टेबलाशी गेले. दीड वाजला होता, ते सायकलची किल्ली शोधत होते. मी म्हटलं, "बाबूजी, हे काय केलंत? आपको पता था?"

"लिस्ट में आपके बाद मेरा नंबर था," ते म्हणाले. जसं काही चहात साखर किती ते सांगत होते.

"मग ते कलम काढलंत कशाला?"

त्यांना माझा प्रश्नच समजला नाही असं वाटलं. "कलम तो था ही, मॅडम. मैंने थोड़ी बनाया. और लिस्ट में जगह खाली नहीं छोड़ सकते." एवढं बोलून ते सायकलवर बसले.

ते दुपारी कुठे जात ते मला त्या दिवशी चपराश्याने सांगितलं. घरी म्हातारी आई होती. तिला दुसऱ्या कोणाच्या हातचा घास चालत नसे. बाबूजी रोज तिला भरवून येत. ती पुरानी बस्तीच्या बाहेर आयुष्यात कधी गेली नव्हती, आता भोपाळला जाणार होती.

मी अजूनही आत जाऊन म्हणू शकले असते की मला ग्रीक येत नाही, मी जाते. चार पावलांवर साहेबांचं दार होतं. मी गेले नाही. मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आला हे खरं, पण त्यामागे लपत नाही. मला इथे राहायचं होतं, आणि मी राहिले. बाबूजी जाताना मी त्यांना डबा दिला, तो त्यांनी रीतसर रिकामा करून, धुऊन, चपराश्याच्या हाती परत पाठवला. आईला घेऊन ते गेले. स्टेशनवर जायचा मला धीर झाला नाही.

पुढच्या महिन्याचा रिपोर्ट मी टाइप केला. सगळ्या रिकाम्या घरांत म्यू काढले, पाय लांब, एकही पडणार नाही असा. नवे बडे बाबू अजून आले नव्हते. वरच्या कार्यालयाने बाबूजी जाण्याआधीच तोंडी कळवलं होतं की एवढ्या सह्यांची गरज नाही, वाचायला त्रास होतो. साहेबांनी गरम पाण्याची पिशवी घरी नेऊन टाकली होती.

मी गठ्ठा घेऊन बेडरूममध्ये गेले, त्यांच्यापुढे ठेवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

"अब किसके लिए?" साहेब म्हणाले.

"नियम है, सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खुर्ची पुढे ओढली. पहिल्या म्यूपासून सुरुवात केली. मी शेजारी उभी राहून पानं उलटत होते. संपायला संध्याकाळ झाली.